उशीर कोणाच्या वाट्याचा? एचएप्रॉक्सीच्या कामगिरीवर देखरेख ठेवण्याची पद्धत

संकेतस्थळ संथ झाले की पहिला संशय प्रॉक्सीवर, म्हणजे वापरकर्ता आणि मागचे सर्व्हर यांच्या मधे बसून विनंत्या पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमवर, येतो, आणि त्याला कारणही तसेच असते: वापरकर्त्याच्या पडद्यावर दिसणारी '५०३' किंवा '५०४' ही चूक सांगणाऱ्या कोडाची पाटी बहुतेकदा प्रॉक्सीनेच लावलेली असते. प्रत्यक्षात मागचा ॲप्लिकेशन सर्व्हर, त्याच्याही मागचा डेटाबेस, मधले नेटवर्क किंवा वापरकर्त्याचे स्वतःचे मोबाइल कनेक्शन यांपैकी कोणीही दोषी असू शकते. प्रॉक्सी दोन्ही बाजूंची कनेक्शने स्वतः हाताळत असल्यामुळे उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा, हे सर्वांत चांगले त्यालाच सांगता येते. म्हणून 'प्रॉक्सी चालू आहे की बंद' एवढ्यापुरतीच देखरेख ठेवली, तर हातातले सर्वांत उपयोगी साधन वाया जाते. प्रत्येक विनंतीला लागलेल्या वेळेची वाटणी करता यावी, हा देखरेखीचा खरा हेतू असावा. पुढील पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत.

उदाहरणासाठी एचएप्रॉक्सी घेतला आहे. विली तारो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला हा मुक्त-स्रोत प्रॉक्सी आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, आणि वेळेचा हिशेब ठेवण्याच्या बाबतीत तो माझ्या मते इतर अनेकांपेक्षा काटेकोर आहे. लिनक्सवर २.४ किंवा त्यानंतरची आवृत्ती एचटीटीपी पद्धतीने चालते आहे, टीएलएसचे कूटलेखन प्रॉक्सीपाशी संपते आहे आणि मागे तीन-चार ॲप्लिकेशन सर्व्हर आहेत, अशी मांडणी येथे गृहीत धरली आहे. एनजिनएक्स किंवा एन्व्हॉय हे दुसरे प्रॉक्सी वापरणाऱ्यांना नावे वेगळी दिसतील. वाटणीचे तत्त्व तेच राहील.

आधी खिडक्या उघडा

एचएप्रॉक्सीच्या आत डोकावण्याचे चार मार्ग आहेत आणि चारही पहिल्याच दिवशी सुरू करावेत. पहिला मार्ग म्हणजे स्टॅट्स सॉकेट, अर्थात चालू एचएप्रॉक्सीला आदेश देऊन आकडे विचारण्याची वाट. कॉन्फिगरेशनच्या 'ग्लोबल' भागात एका ओळीने तो सुरू होतो आणि 'सोकॅट' या साधनाद्वारे त्यावर 'शो इन्फो', 'शो स्टॅट', 'शो सेस' असे आदेश पाठवता येतात. या सॉकेटला 'यूजर', 'ऑपरेटर' आणि 'ॲडमिन' असे अधिकाराचे तीन स्तर देता येतात. केवळ आकडे वाचणाऱ्या देखरेखीच्या साधनाला 'ॲडमिन' स्तर देण्याचे काहीच कारण नाही, कारण त्या स्तरावरून सर्व्हर सेवेतून काढूनही टाकता येतो.

दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारे स्टॅट्सचे पान. गडबडीच्या वेळी डोळ्यांनी पटकन आढावा घ्यायला ते उत्तम आहे. मात्र ते इंटरनेटला उघडे ठेवू नये, कारण मागच्या सर्व्हरांची नावे, त्यांची संख्या आणि त्यांची प्रकृती हे सगळे त्यावर कोणालाही वाचता येते. तिसरा मार्ग प्रोमिथियस या आकडे गोळा करणाऱ्या साधनाचा. २०१९ मधील २.० आवृत्तीपासून एचएप्रॉक्सीमध्ये प्रोमिथियससाठीचा एक्स्पोर्टर (आकडे पुरवणारा भाग) अंगभूत आला आहे, त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. फक्त आपल्या पॅकेजमध्ये ती सोय बांधलेली आहे ना, हे तपासून घ्यावे. प्रघाताप्रमाणे त्यासाठी ८४०४ हा पोर्ट वापरतात. तिथून येणारे आकडे ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनाच्या डॅशबोर्डवर लावता येतात.

चौथा मार्ग लॉगचा, आणि चारांमध्ये सर्वांत मोलाचा तोच आहे. 'ऑप्शन एचटीटीपीलॉग' ही ओळ नसेल तर लॉगमध्ये वेळेची वाटणी उतरत नाही, म्हणून ती आहे याची खात्री करावी. डिस्क वाचवण्यासाठी काही ठिकाणी 'डोन्टलॉग-नॉर्मल' हा पर्याय लावून सुरळीत विनंत्या नोंदवणेच बंद केलेले आढळते. त्यामुळे बिघाडाच्या वेळी तुलनेसाठी निरोगी दिवसाचा लॉगच हाती राहत नाही, हे लक्षात घेता ही काटकसर महागात पडते. लॉग सिसलॉगकडे, म्हणजे यंत्रावरील नोंदी गोळा करणाऱ्या सेवेकडे, यूडीपीने किंवा स्थानिक सॉकेटने जातो आणि वाटेत ओळी गळू शकतात. 'शो इन्फो'मधील 'ड्रॉप्ड लॉग्ज' हा आकडा वाढत असेल, किंवा जर्नलडी या लिनक्सच्या नोंद-सेवेच्या वेगमर्यादेमुळे ओळी गाळल्याचे संदेश दिसत असतील, तर पुढचे सगळे विश्लेषण अर्धवट माहितीवर उभे राहील. ही दुरुस्ती आधी करावी.

लॉगमधील पाच आकडे

एचएप्रॉक्सीच्या प्रत्येक लॉग-ओळीत तिरप्या रेघांनी जोडलेले पाच आकडे असतात आणि सगळे मिलिसेकंदांत असतात. समजा ओळीत '१२/०/१/८४/१०३' असे दिसले. पहिला आकडा म्हणजे वापरकर्त्याकडून विनंतीचे शीर्षलेख (मजकुराआधी येणारी माहिती) पूर्ण मिळायला लागलेला वेळ. दुसरा आकडा विनंती प्रॉक्सीच्या रांगेत थांबली तो वेळ, तिसरा मागच्या सर्व्हरशी कनेक्शन जुळायला लागलेला वेळ, आणि चौथा कनेक्शन जुळल्यापासून सर्व्हरने प्रतिसादाचे शीर्षलेख पूर्ण पाठवेपर्यंतचा वेळ. पाचवा आकडा एकूण वेळेचा असतो. पहिल्या चारांची बेरीज ९७ होते. ती १०३ मधून वजा केली की उरलेले ६ मिलिसेकंद प्रतिसादाचा मजकूर वापरकर्त्यापर्यंत पोहोचवण्यात गेले, असा अर्थ निघतो.

आता '०/४८१०/१/१९०/५००३' ही ओळ पाहावी. वापरकर्त्याला पाच सेकंद थांबावे लागले, पण सर्व्हरने स्वतःचे काम १९० मिलिसेकंदांत केले आहे. जवळजवळ सगळा वेळ रांगेत गेला. अशा वेळी त्या एका विनंतीचा कोड तपासत बसण्यात अर्थ नसतो. त्याच क्षणी सर्व्हरच्या जागा कोणी अडवून ठेवल्या होत्या, हे शोधावे लागते. याउलट '०/०/१००१/८५/१०८८' या ओळीत कनेक्शन जुळायलाच एक सेकंद लागला आहे. मागचा सर्व्हर त्याच डेटा सेंटरमध्ये असेल तर हा आकडा शून्य किंवा एक असायला हवा. तो नेमका एक हजाराच्या आसपास असण्याचे कारण ठरलेले आहे: कनेक्शन सुरू करणारे पहिले पॅकेट हरवले तर लिनक्स एक सेकंद वाट पाहून ते पुन्हा पाठवतो. ही सुरुवातीची वाट पूर्वी तीन सेकंदांची होती आणि २०११ च्या आरएफसी ६२९८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने ती एक सेकंदावर आणली. जुन्या लेखांत याच लक्षणासाठी 'तीन हजार' हा आकडा सांगितलेला आढळतो तो त्यामुळे. असे आकडे तुरळक नसून वारंवार दिसत असतील, तर प्रॉक्सी आणि सर्व्हर यांच्या मधल्या स्विचपासून ते सर्व्हरच्या भरलेल्या कनेक्शन-रांगेपर्यंत सगळे तपासावे.

पहिला आकडा मोठा असेल तर दोष बहुधा वापरकर्त्याच्या बाजूच्या नेटवर्कचा असतो. चौथा आकडा मोठा असेल तर तो सर्व्हरचा, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. परंतु त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वापरकर्ता फोटो किंवा पीडीएफ अपलोड करत असेल, तर प्रॉक्सी शीर्षलेख मिळताच सर्व्हरशी कनेक्शन जोडतो आणि चौथे घड्याळ सुरू होते. म्हणजे वापरकर्त्याची फाइल संथ मोबाइल नेटवर्कवरून येत राहण्याचा वेळही सर्व्हरच्याच खात्यावर पडतो. अर्जासोबत कागदपत्रे जोडायला लावणाऱ्या सेवांमध्ये या एका कारणामुळे ॲप्लिकेशनच्या गटावर विनाकारण ठपका येऊ शकतो. म्हणून 'पोस्ट' पद्धतीच्या विनंत्यांचे आकडे नेहमी वेगळे काढून पाहावेत.

काही ओळींत '३/०/-१/-१/३००४' असे उणे आकडे दिसतात. उणे एक म्हणजे ती पायरी पूर्णच झाली नाही. येथे सर्व्हरने कनेक्शन नाकारले आहे. मग तीन सेकंद कशात गेले, असा प्रश्न पडेल. त्याच सर्व्हरकडे पुन्हा प्रयत्न करण्याआधी एचएप्रॉक्सी जास्तीत जास्त एक सेकंद थांबतो आणि मूळ मांडणीत असे तीन पुनर्प्रयत्न असतात. त्याच ओळीत पुढे कनेक्शनांच्या संख्यांचा जो गट असतो, त्यातील शेवटचा आकडा पुनर्प्रयत्नांचा असतो. त्याच्या आधी अधिक चिन्ह असेल तर विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे वळवली गेली, असे समजावे.

शेवट कोणी केला, हे सांगणारी अक्षरे

त्याच ओळीत चार अक्षरांची एक छोटी खूण असते. सगळे सुरळीत असेल तर चार आडव्या रेघा दिसतात. पहिले अक्षर शेवट कोणामुळे झाला ते सांगते आणि दुसरे अक्षर तो कोणत्या टप्प्यावर झाला ते. पहिल्या अक्षरात कॅपिटल आणि स्मॉल यांतला फरक अर्थाचा आहे: कॅपिटल 'सी' म्हणजे वापरकर्त्याने स्वतः कनेक्शन तोडले, स्मॉल 'सी' म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूचा टाइमआउट संपला, तसेच कॅपिटल 'एस' म्हणजे सर्व्हरने तोडले किंवा नाकारले, स्मॉल 'एस' म्हणजे सर्व्हरच्या बाजूचा टाइमआउट संपला.

व्यवहारात काही थोड्या जोड्याच वारंवार भेटतात. स्मॉल एस–कॅपिटल क्यू म्हणजे रांगेतच वेळ संपला आणि वापरकर्त्याला ५०३ मिळाले. कॅपिटल एस–कॅपिटल सी म्हणजे सर्व्हरने कनेक्शन नाकारले, म्हणून ५०३. तिथे ॲप्लिकेशन बंद पडले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. स्मॉल एस–कॅपिटल एच म्हणजे सर्व्हरने विनंती घेतली पण ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही, म्हणून ५०४. कॅपिटल एस–कॅपिटल एच म्हणजे सर्व्हरने शीर्षलेख पूर्ण करण्याआधीच कनेक्शन तोडले, म्हणून ५०२. ॲप्लिकेशनची प्रक्रिया मध्येच कोसळते तेव्हा हेच दिसते. कॅपिटल सी–कॅपिटल एच या जोडीकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात, कारण 'वापरकर्त्याने स्वतःच सोडले' असा तिचा अर्थ निघतो. पण सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून कंटाळून लोक पान बंद करतात तेव्हाही हीच जोडी उमटते. नेहमीच्या दिवसाच्या तुलनेत तिचे प्रमाण वाढू लागले, तर ५०४ येण्याआधीच मिळालेला तो इशारा समजावा.

यातूनच आणखी एक भेद हाती येतो. ५०० च्या घरातला कोड आणि सोबत आडव्या रेघा, म्हणजे ती चूक सर्व्हरने स्वतः परत पाठवलेली आहे आणि प्रॉक्सीने फक्त पोहोचवली. तोच कोड अक्षरांसह आला, तर तो प्रॉक्सीने तयार केलेला आहे. डॅशबोर्डवर या दोहोंच्या रेषा वेगळ्या काढाव्यात. एकत्र काढल्या तर बैठकीत तासभर वाद होतो आणि निष्पन्न काहीच होत नाही.

हजारो ओळी डोळ्यांनी वाचणे अर्थातच शक्य नाही. एचएप्रॉक्सीच्या मूळ कोडसोबत 'हॅलॉग' नावाचे छोटे साधन येते. ते मोठमोठे लॉग फार वेगाने चाळून सर्व्हरनिहाय, शेवटच्या अक्षरांनिहाय किंवा यूआरएलनिहाय तक्ते काढून देते. प्रत्येक वितरणाच्या पॅकेजमध्ये ते असेलच असे नाही, पण मूळ कोडवरून बांधून घेण्याचे कष्ट नक्कीच घ्यावेत.

रांगा आणि मर्यादा

लॉग एकेका विनंतीची कहाणी सांगतो, तर 'शो स्टॅट'मधून त्या क्षणीचे समग्र चित्र मिळते. त्यातील शंभरच्या आसपास रकान्यांपैकी रोज पाहण्याजोगे थोडेच आहेत: रांगेत सध्या किती विनंत्या आहेत, सध्या किती सत्रे चालू आहेत आणि त्यांची मर्यादा किती, जोडणीतील चुका, पुनर्प्रयत्न आणि दुसरीकडे वळवलेल्या विनंत्या, आणि प्रकृती-तपासणीत सर्व्हर किती वेळा पडला.

कनेक्शनची मर्यादा एचएप्रॉक्सीमध्ये तीन ठिकाणी असते आणि तिन्हींचे परिणाम निराळे असल्यामुळे गल्लत करून चालत नाही. सर्व्हरच्या ओळीवरची मर्यादा भरली की विनंती प्रॉक्सीच्या रांगेत जाते; ही रांग मोजता येते आणि म्हणून ती निरोगी व्यवस्था आहे. फ्रंटएंडची (वापरकर्त्यांची कनेक्शने घेणाऱ्या बाजूची) किंवा संपूर्ण प्रक्रियेची मर्यादा भरली की मात्र एचएप्रॉक्सी नवी कनेक्शने स्वीकारणेच थांबवतो. ती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) रांगेत साचतात, लॉगमध्ये त्यांची वेळ उमटत नाही, आणि ग्राफवर सगळे शांत दिसत असताना वापरकर्ते मात्र ताटकळत राहतात. म्हणून सध्याची कनेक्शने आणि कमाल मर्यादा यांचे गुणोत्तर हा ग्राफ माझ्या मते डॅशबोर्डच्या पहिल्या ओळीत असलाच पाहिजे.

सर्व्हरवरची मर्यादा किती ठेवावी याचा अंदाज लिटलच्या नियमावरून बांधता येतो. एका वेळी आत असलेल्या विनंत्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, इतका तो सरळ आहे. एका सर्व्हरकडे सेकंदाला १५० विनंत्या जात असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असेल, तर सरासरी ३० विनंत्या आत असतील. मर्यादा ६० ठेवली तर पुरेशी मोकळीक राहते. आता डेटाबेसमधील एका संथ क्वेरीमुळे हाच वेळ २ सेकंदांवर गेला असे समजू. ६० जागांतून सेकंदाला फक्त ३० विनंत्या निघतील, रांगेत दर सेकंदाला १२० ची भर पडेल आणि रांगेचा टाइमआउट ५ सेकंदांचा असेल तर सहाव्या सेकंदापासून ५०३ सुरू होतील. इतक्या वेगाने हे घडते, म्हणून रांगेचा आकडा मिनिटाला एकदा गोळा करणे पुरेसे नाही; तो दर १० किंवा १५ सेकंदांनी घ्यावा. रांगेचा टाइमआउट वेगळा लिहिलेला नसेल, तर एचएप्रॉक्सी कनेक्शनचाच टाइमआउट तिथे वापरतो, हेही पाहून ठेवावे.

प्रकृती-तपासणीची मूळ मांडणी दर २ सेकंदांनी एक तपासणी आणि सलग तीन अपयशांनंतर सर्व्हर बाद अशी असते. म्हणजे सर्व्हर पडल्यापासून साधारण ६ सेकंद विनंत्या त्याच्याकडे जात राहू शकतात. तपासणीचे पान फक्त 'ठीक' एवढेच उत्तर देणारे असेल आणि डेटाबेसला स्पर्शही करत नसेल, तर आजारी सर्व्हर दिवसभर हिरवा दिसत राहतो. तपासणीचा निकाल आणि त्या सर्व्हरचा खरा प्रतिसाद-वेळ शेजारी शेजारी ठेवले की ही विसंगती लगेच उघड होते.

आणखी एक बाब रिलोडची. कॉन्फिगरेशन रिलोड केले की नवी प्रक्रिया सुरू होते आणि सगळे मोजणीचे आकडे शून्यावर येतात. प्रोमिथियसच्या दर काढणाऱ्या फंक्शनांना हे समजते. हाताने वजाबाकी करणाऱ्या स्क्रिप्टला समजत नाही. २०२४ मधील ३.० आवृत्तीपासून आकडे फाइलमध्ये जपून नव्या प्रक्रियेला देण्याची सोय आली आहे. जुनी प्रक्रिया मात्र तिची कनेक्शने संपेपर्यंत जिवंत राहते, आणि वेबसॉकेटसारखी तासन्‌तास चालणारी कनेक्शने असतील तर दिवसात पाच रिलोड म्हणजे मेमरी अडवून बसलेल्या पाच जुन्या प्रक्रिया. त्यांची संख्या वेगळी मोजावी आणि 'हार्ड-स्टॉप-आफ्टर'ने त्यांना मुदत घालावी.

सरासरीचा भरवसा किती धरावा

स्टॅट्सच्या पानावर रांग, जोडणी, प्रतिसाद आणि एकूण अशा चार सरासरी वेळा दिसतात. या सरासरी शेवटच्या १०२४ विनंत्यांवरून काढलेल्या असतात, ठरावीक कालावधीवरून नव्हे. सेकंदाला हजार विनंत्या घेणाऱ्या सेवेत हा आकडा जेमतेम गेल्या सेकंदाचा असतो, तर रात्री तासाला शंभर विनंत्या येणाऱ्या अंतर्गत सेवेत तो दहा तासांपूर्वीचा बिघाड अजूनही दाखवत असतो. हे न कळल्यामुळे पहाटे कोणीतरी नसलेल्या बिघाडाच्या मागे लागते.

शिवाय सरासरी मुळातच फसवी असते. ९८ विनंत्या ५० मिलिसेकंदांत आणि २ विनंत्या १० सेकंदांत पूर्ण झाल्या, तर सरासरी २४९ मिलिसेकंद येते. असा अनुभव शंभरातल्या एकालाही आलेला नसतो. म्हणून पन्नासावा, पंच्याण्णवावा आणि नव्याण्णवावा पर्सेंटाइल पाहावा. नव्याण्णवावा पर्सेंटाइल म्हणजे ज्याच्या आत शंभरातल्या नव्याण्णव विनंत्या पूर्ण होतात तो वेळ. एचएप्रॉक्सीचा अंगभूत एक्स्पोर्टर मोजणीचे आणि सरासरीचे आकडे देतो, वेळेचे हिस्टोग्राम (किती विनंत्यांना किती वेळ लागला याची वाटणी) देत नाही. त्यामुळे पर्सेंटाइल लॉगमधूनच काढावे लागतात. हॅलॉग ते थेट देतो, किंवा लॉग गोळा करणाऱ्या साधनात पाचही आकड्यांचे वेगळे रकाने करून ते काढता येतात. दोन प्रॉक्सी असतील तर दोघांच्या नव्याण्णवाव्या पर्सेंटाइलची सरासरी काढून 'एकूण' म्हणून दाखवू नये. गणिताच्या दृष्टीने त्या आकड्याला काही अर्थ नाही. दोन्हींच्या कच्च्या नोंदी एकत्र करूनच तो काढावा लागतो.

प्रॉक्सीच्या खालचा थर

'शो इन्फो'मधील 'आयडल' हा आकडा प्रक्रियेला किती टक्के वेळ मोकळा मिळाला ते सांगतो. तो सातत्याने २० च्या खाली राहू लागला की मी क्षमता वाढवण्याची तयारी सुरू करतो. परंतु हा आकडा ठीक असूनही संथपणा जाणवत असेल तर खाली उतरावे लागते. यंत्राचा सरासरी सीपीयू २० टक्के दिसत असताना नेटवर्क कार्डाची सगळी इंटरप्ट (काम आल्याच्या सूचना) एकाच कोअरवर येऊन तो कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. म्हणून 'एमपीस्टॅट'ने कोअरनिहाय आणि त्यातही सॉफ्ट इंटरप्टचा रकाना पाहावा. आभासी यंत्र असेल तर 'स्टील' हा रकानाही पाहावा. तिथला आकडा वाढला असेल तर शेजारच्या यंत्रांनी आपला सीपीयू खाल्ला आहे.

वर उल्लेखलेली कर्नलची रांग 'एसएस' या आदेशाने ऐकणाऱ्या सॉकेटची यादी काढून दिसते: त्यात पहिली संख्या सध्या साचलेल्या कनेक्शनांची आणि दुसरी रांगेच्या लांबीची असते. 'एनस्टॅट'मधील 'लिसन ओव्हरफ्लोज' हा आकडा वाढत असेल तर रांग भरून कनेक्शने गळत आहेत. या लांबीची कर्नलमधली मूळ कमाल मर्यादा लिनक्स ५.४ च्या आधी फक्त १२८ होती आणि त्या आवृत्तीत ती ४०९६ झाली, त्यामुळे जुन्या यंत्रांवर ही तपासणी विशेष आवश्यक आहे.

तिसरी अडचण पोर्टची. प्रॉक्सी मागच्या सर्व्हरशी जोडताना स्वतःच्या बाजूचा एक तात्पुरता पोर्ट वापरतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत ३२७६८ ते ६०९९९ असे २८,२३२ पोर्ट त्यासाठी मिळतात आणि कनेक्शन प्रॉक्सीने आधी बंद केले तर तो पोर्ट ६० सेकंद 'टाइम-वेट' अवस्थेत अडकून राहतो. भागाकार केला तर एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शने, एवढीच टिकाऊ क्षमता उरते. मागच्या बाजूला कनेक्शनांचा पुनर्वापर चालू असेल तर ही भिंत कधी लागत नाही. तो बंद असेल तर भर दुपारी लागते. फायरवॉलमधील कनेक्शन-नोंदींचा तक्ता भरल्याचा संदेश कर्नलच्या लॉगमध्ये येतो, त्यावरही एक अलर्ट असावा.

बाहेरून मोजा

प्रॉक्सीचा स्वतःचा लॉग कितीही चांगला असला तरी काही गोष्टी त्यात येतच नाहीत. टीएलएसच्या हस्तांदोलनाला लागलेला वेळ नेहमीच्या पाच आकड्यांत नसतो, कारण ते घड्याळ विनंतीचा पहिला बाइट मिळाल्यावर सुरू होते. डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याचा, वेळ तर प्रॉक्सीला कधीच कळत नाही. म्हणून बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून दर मिनिटाला 'कर्ल' या आदेशाने एक ठरलेले पान मागवावे आणि त्याच्या 'राइट-आउट' पर्यायाने नाव शोधणे, टीसीपी जोडणी, टीएलएस पूर्ण होणे, पहिला बाइट आणि एकूण या पाच वेळा नोंदवाव्यात. या वेळा प्रत्येक टप्प्याच्या नसून सुरुवातीपासून त्या टप्प्यापर्यंतच्या असतात. म्हणजे टीएलएसचा निव्वळ वेळ काढायचा तर त्यातून टीसीपी जोडणीची वेळ वजा करावी लागते.

सोबत दुसरी चाचणी प्रॉक्सीच्या यंत्रावरूनच थेट मागच्या सर्व्हरला करावी. एकच पान, दोन वाटा. दोन्हींचे ग्राफ एकावर एक ठेवले की बराचसा वाद तिथेच मिटतो: दोन्ही रेषा एकत्र वर चढल्या तर सर्व्हर, फक्त बाहेरची चढली तर प्रॉक्सी किंवा त्याच्या पुढचे नेटवर्क. टीएलएसचा वेळ वाढलेला दिसला तर 'शो इन्फो'मध्ये नव्या टीएलएस सत्रांचा दर आणि जुनी सत्रे पुन्हा वापरली जाण्याची टक्केवारी पाहावी; ही टक्केवारी अचानक घसरली तर तेवढ्याच रहदारीला कितीतरी अधिक सीपीयू लागतो.

अलर्ट आणि भारचाचणी

रात्री दोन वाजता फोन वाजावा अशा गोष्टी मोजक्याच ठेवाव्यात. सुरुवातीसाठी मी पुढील उंबरठे सुचवेन आणि दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी पाहून ते बदलावेत: ५०० च्या घरातील उत्तरांचे प्रमाण सलग ५ मिनिटे १ टक्क्याच्या वर, कोणत्याही बॅकएंडची (मागच्या सर्व्हरांच्या गटाची) रांग सलग २ मिनिटे शून्याच्या वर, कनेक्शने कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांवर, आणि बॅकएंडमधील निम्मे सर्व्हर बाद. एकच सर्व्हर बाद होणे, सीपीयूचा झटका, प्रमाणपत्राची मुदत तीन आठवड्यांवर येणे या बाबी सकाळी ईमेलवर आल्या तरी चालते. रहदारी अचानक फार कमी होण्यावरही अलर्ट हवा, कारण कनेक्शने प्रॉक्सीपर्यंत पोहोचतच नसतील तर चुकांचे प्रमाण शून्य दिसते.

हे सगळे बसवल्यावर ते खरोखर काम करते का, हे भारचाचणीत पाहावे. बहुतेक साध्या साधनांमध्ये प्रत्येक आभासी वापरकर्ता मागचे उत्तर मिळाल्यावरच पुढची विनंती पाठवतो. त्यामुळे सर्व्हर अडकला की चाचणीही आपोआप हळू होते आणि संथ क्षणांच्या नोंदी कमी पडतात; गिल टेने यांनी या दोषाला 'को-ऑर्डिनेटेड ओमिशन' असे नाव दिले आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता पान उघडणारे विद्यार्थी एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत नाहीत; ते येतच राहतात, आणि पान उघडले नाही तर पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात. म्हणून ठरलेल्या वेगाने विनंत्या पाठवत राहणारे 'डब्ल्यूआरके-टू'सारखे साधन वापरावे, वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि रांग पहिल्यांदा शून्याच्या वर जाते तो वेग लिहून ठेवावा. चाचणीच्या मध्येच एक सर्व्हर मुद्दाम बंद करून कोणता अलर्ट किती सेकंदांनी आला, तेही त्याच नोंदीत लिहावे.

लॉग किती काळ ठेवायचे, हा प्रश्न भारतात केवळ डिस्कचा राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवणे अपेक्षित आहे. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये वापरकर्त्यांचे आयपी पत्ते असतात आणि यूआरएलमध्ये कधी कधी मोबाइल क्रमांक किंवा टोकनही येतात. म्हणून असे भाग लॉगमध्ये उतरण्याआधीच गाळावेत आणि कच्चे लॉग वाचण्याचा अधिकार डॅशबोर्ड पाहण्याच्या अधिकारापासून वेगळा ठेवावा.